गोष्टीतला बैल, गोठ्यातला बैल

या आठवड्याचं पत्र एका शिक्षिकेचं आहे. थोडं आटोपशीर करून देते आहे.

‘मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. मधल्या सुट्टीआधीचा अर्धा तास रोज गोष्टीचा असतो. गेल्या महिन्यात आमचं महाभारत संपलं. अभिमन्यू पडला, घटोत्कच पडला, दुर्योधनाची मांडी फुटली. मुलं गुडघ्यावर उठून ऐकत होती, एकाचेही डोळे ओले झाले नाहीत. मग मी गोष्टींच्या पेटीतलं एक जुनं पुस्तक काढलं. त्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. दुष्काळात तो आपला बैल बाजारात विकतो. नव्या गावी बैल रात्री दावं तोडतो, आपल्या घराच्या वाटेला लागतो आणि ओढ्याच्या दरडीवरून पडून मरतो. मी इथवर वाचलं आणि घंटा झाली. पुढं चार पानं होती. म्हातारा त्या गावी जातो आणि बैलाची घुंगरमाळ घेऊन परत येतो, असं त्यात आहे. पण खिचडी वाढायची होती. मी पुस्तक मिटलं.

परत आले तर वर्ग गप्प होता. एक मुलगा खिडकीखाली बसून राहिला होता, ताट तसंच. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी वडील आले. म्हणाले, “बाई, पोरगं दोन दिस धड जेवलं न्हाई. रातचं उठून इचारतंय, आपला चंद्या मेला का म्हणून. असलं कशापायी वाचताय?” त्यांनी पुसेगावच्या यात्रेत बैल विकला होता. मला हे माहीत नव्हतं. मुख्याध्यापकांनी पुस्तक कपाटात ठेवून कुलूप घातलं. रडवणाऱ्या गोष्टी वर्गात नकोत, असं त्यांचं म्हणणं.

माणसं मेली तेव्हा न रडणारी मुलं एका बैलासाठी एवढी का कळवळली? माझ्या हातून त्यांच्या मनाला इजा झाली का? अशा गोष्टी वाचणं थांबवू का?’

नमस्कार बाई,

तुम्हाला ‘बाई’च म्हणते. शाळेत या हाकेला जेवढं वजन असतं तेवढं दुसऱ्या कशाला नसतं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यासाठीच तुम्ही रात्र जागवली असणार. थांबवू नका. तुमच्याकडून चूक झाली आहे, पण गोष्ट निवडण्यात झालेली नाही. बैल मेला तिथं पुस्तक मिटलं, ती चूक. ती दुरुस्त करता येते, आणि कशी ते आपण पाहू.

पण मुलं का कळवळली, हे कळल्याशिवाय दुरुस्ती जमणार नाही. म्हणून थोडं लांबून सुरुवात करते.

आपल्याकडचं पहिलं काव्य कशातून जन्मलं, ते तुम्हाला माहीत आहे. वाल्मीकी तमसा नदीवर स्नानाला गेले होते. क्रौंच पक्ष्यांची जोडी बागडत होती. निषादानं बाण मारला, नर पडला आणि मादी आक्रोश करू लागली. ते पाहून ऋषींच्या तोंडून शापवाणी निघाली आणि ती छंदात निघाली. शोकाचा श्लोक झाला. आपण हे सुभाषितासारखं पाठ म्हणतो, पण पुढचं क्वचित ध्यानात घेतो. त्याच रामायणात पुढं युद्धकांड आहे. त्यात वानर पडतात, राक्षस पडतात, रक्ताच्या नद्या वाहतात. तिथं कवीचा असा आवंढा आलेला नाही. चोवीस हजार श्लोकांच्या दाराशी एक पक्षी मरून पडला आहे, आणि आत हजारो योद्धे मरतात ते वेगळ्या खात्यात जमा होतात. म्हणजे तुमच्या चौथीच्या वर्गात जे घडलं, ते आदिकवीचंही झालं होतं.

आता वाल्मीकींच्या शापातले शब्द बघा. तू पक्षी मारलास, एवढ्यावर ते थांबत नाहीत. जोडीतला एक, आपल्या प्रेमात गुंगलेला, असा तू मारलास, असं म्हणतात. सगळं दुःख त्या गुंगलेपणात आहे. त्या पक्ष्याला कसलाही वहीम नव्हता. निषाद जगात आहे, हेच त्याच्या गावी नव्हतं.

अभिमन्यूचं तसं नाही. सोळा वर्षांचा कोवळा पोर, त्याच्यावर सहा जण तुटून पडले, अन्यायच तो. पण चक्रव्यूहात आपल्याला शिरता येतं, बाहेर पडता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो गेला. तो बोलला, लढला, रथाचं चाक उचललं. आणि त्याच्या मरणाचा हिशोब दुसऱ्याच दिवशी झाला. अर्जुनानं प्रतिज्ञा केली, सूर्य मावळायच्या आत जयद्रथ पडला. तुमची मुलं टाळ्या वाजवायच्या बेतात होती ती त्यामुळं. ती दगडाच्या काळजाची नाहीत. कथेनं त्यांना सांभाळून नेलं होतं. वीर मरतो तेव्हा त्याला कारण असतं, त्याचं नाव राहतं, कुणी तरी त्याचा सूड घेतं.

तुमच्या गोष्टीतल्या बैलाला यातलं काय मिळालं? आपण विकले गेलो, हेच त्याला कळलं नाही. बाजार म्हणजे काय, पैसे मोजले म्हणजे काय झालं, या परक्या माणसाच्या हातात आपला कासरा का, काहीच नाही. त्याला एवढंच माहीत की आपला गोठा तिकडं आहे. आणि तो निघाला. म्हणजे तो विश्वासानं मेला. ज्यानं विकलं त्याच्याकडंच परत चालला होता. मुलांना इथं जे लागलं ते मरण नव्हे, बाई. बैलाला काय माहीत नाही ते मुलांना माहीत होतं, आणि ते त्याला सांगायची सोय नव्हती. ‘अरे, तिकडून जाऊ नको, दरड आहे’ असं वर्गातल्या तीस पोरांना ओरडावंसं वाटलं असणार. ओरडून उपयोग नाही हेही त्यांना कळत होतं. साक्षीदार व्हायचं आणि हात बांधलेले, असं ते झालं.

माझ्या भाचीचं सांगते. पाच वर्षांची होती. मी तिला श्रावणबाळाची गोष्ट सांगत होते. कावड, आंधळे आईवडील, नदीवर घागर बुडाल्याचा आवाज, दशरथाचा बाण. बाण लागला तेव्हा ती नुसतं बघत राहिली. गोष्ट संपवून मी उठले आणि दिवा मालवला. अंधारात ती म्हणाली, “मग त्यांना पाणी कुणी दिलं?” मी म्हटलं, दशरथ घेऊन गेला होता. “ते प्यायले का?” मी म्हटलं, नाही प्यायले. त्यावर ती जी रडायला लागली, ती अर्ध्या तासानं थांबली. तिचं रडं बाण लागलेल्या पोरासाठी नव्हतंच. झाडाखाली बसून पाण्याची वाट बघणाऱ्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या दोन म्हाताऱ्यांसाठी होतं. पावलांचा आवाज आला तेव्हा त्यांना वाटलं असणार, आला आपला श्रावण. तेवढं एक क्षणभर वाटणं तिला सोसवलं नाही. मला आजही सोसवत नाही.

जनावर, तान्हं मूल, आंधळा म्हातारा, गोष्टीत ही मंडळी एका ओळीत बसतात ती यासाठी. ताकद कमी म्हणून तर आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे त्यांना आपल्यावर विसंबण्यावाचून इलाज नसतो. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी हे एकदा तपासून पाहिलं होतं. २०१७ साली त्यांचा अभ्यास छापून आला. २५६ विद्यार्थ्यांना त्यांनी वर्तमानपत्राचं एक बनावट कात्रण वाचायला दिलं. कुणा अज्ञात माणसानं बॅटनं मारहाण केली, पाय मोडला, बेशुद्ध अवस्थेत सापडला, अशी बातमी. मजकूर तोच, फक्त मार खाणारा बदलला. कुणाच्या कात्रणात वर्षाचं बाळ, कुणाच्यात तिशीतला माणूस, कुणाच्यात कुत्र्याचं पिल्लू, कुणाच्यात सहा वर्षांचा कुत्रा. सगळ्यांत कमी कळवळा आला तो तिशीतल्या माणसाबद्दल. बाळ, पिल्लू आणि मोठा कुत्रा तिघंही त्याच्या पुढं गेले. मोठा कुत्रा मागं पडला तो फक्त बाळाच्या. याचा अर्थ लोकांना माणसापेक्षा कुत्रा प्यारा, असा लावू नका. मोठा माणूस हातपाय हलवील, ओरडेल, पळेल, फिर्याद देईल, असं आपण मनात धरून चालतो. बाकीच्यांसाठी हे सगळं दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं.

सिनेमात आणखी एक गोष्ट यात मिसळते. पडद्यावर मेलेला नट कॅमेरा थांबला की उठून चहा पितो, हे आपल्याला ठाऊक असतं. जनावराला नाटक कळत नाही. घोडा पडला तर तो पडलाच. १९३९ साली एका अमेरिकी सिनेमासाठी घोड्याला उंच कड्यावरून पाण्यात पाडलं, तो खरोखर मेला. त्यावर एवढा संताप उसळला की पुढच्या वर्षापासून तिथल्या प्राणिदया संस्थेची माणसं चित्रीकरणावर नजर ठेवायला जाऊ लागली. आपल्याकडं १९६०च्या प्राणिक्रूरता कायद्याखाली २००१ साली नियम आले. सिनेमात जनावर वापरायचं तर केंद्राच्या पशुकल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. सिनेमाच्या आधी पाटी येते ना, कुठल्याही प्राण्याला इजा झालेली नाही अशी, ती उगाच नसते. पण तुमच्या पुस्तकातला बैल तर कागदावरचा. त्याला कुणी ढकललं नाही. तरी मुलांचा घास अडला. तेव्हा प्रश्न खऱ्या-खोट्याचा राहत नाहीच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. इजा झाली का?

आमच्या वाईच्या घरी श्रावणात आजी शिवलीलामृत वाचायची. दुपारी शेजारपाजारच्या बायका यायच्या, आम्ही पोरं उंबऱ्याशी. श्रियाळ-चांगुणेचा अध्याय निघाला की मला धडकी भरायची. दाराशी आलेला अतिथी त्या दोघांच्या पोटचा चिलयाबाळ मागतो. जेवायला मागतो. आईनं आपल्या हातानं ते करायचं, लेकराचं शिर उखळात घालून कांडायचं, आणि डोळ्यांतून टिपूस येऊ द्यायचं नाही. आमच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं उखळ होतं. श्रावणभर मी त्या कोपऱ्याकडं गेले नाही. पाणी प्यायला जायचं तरी भिंतीच्या कडेकडेनं जायचे. आज कुणी हे ऐकलं तर म्हणेल, केवढं भयंकर ऐकवत होते लहान मुलांना.

पण आजीचा एक दंडक होता. तो अध्याय सुरू झाला की कुणी उठायचं नाही. चूल असो, दाराशी भांडीवाला असो, तान्हं रडत असो. एकदा एक सासुरवाशीण मध्येच उठायला लागली, घरी कुणी तरी वाट बघत होतं तिची. आजीनं पोथीवरचं बोट न उचलता तिला सांगितलं, “चांगुणा दारात जाऊन हाक मारती, आन् मग पोर येतंय. तवर बस.” ती बसली. शेवटी अतिथी म्हणतो, मुलाला हाक मार. चांगुणा हाक मारते आणि चिलयाबाळ धावत येतो. तिथं सगळ्या बायका पदरानं डोळे पुसायच्या. आजी पोथी गुंडाळायची, आणि आम्हा पोरांना एकेकाला जवळ ओढून हातावर खडीसाखर ठेवायची. माझ्या हातावर ठेवताना तिचा हात थोडा वेळ तसाच राहायचा. माझं उखळाचं भय तिला माहीत होतं, असं मला आता वाटतं.

मला इजा झाली नाही. भय वाटलं, रडू आलं, पण त्या भयात मी एकटी नव्हते. वाचणारी तिथंच होती आणि हाक मारीपर्यंत कुणाला उठू देत नव्हती. समजा, उखळापाशीच पोथी बांधून आजी गोठ्यात निघून गेली असती, तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

तुमच्या वर्गात नेमकं ते झालं, बाई. बैल दरडीखाली पडला, घंटा वाजली, तुम्ही पुस्तक मिटून वाढायला गेलात. यात तुमचा हेतू वाईट नव्हता. खिचडी थांबत नाही हे मलाही कळतं. पण मुलं त्या ओढ्यात, त्या बैलाजवळ, एकटी राहिली. आणि त्यातल्या एकाचा बैल खरोखर विकला गेला होता.

त्या मुलाबद्दल बोलू. तो कथेतल्या दुःखानं आजारी पडलेला नाही. यात्रेहून बाप रिकाम्या हातानं परत आला, दावण मोकळी दिसली, तेव्हापासून तो प्रश्न त्याच्या पोटात होता. घरात कुणी त्यावर बोललं नसेल. बैल विकल्यावर घरं गप्पच असतात. गोष्टीनं त्या गप्पपणाला वाचा दिली एवढंच. ‘चंद्या मेला का?’ हा प्रश्न पुस्तकानं घातलेला नाही, त्यानं फक्त बाहेर काढला. आणि बाहेर निघाला ते बरं झालं, असं मी मनापासून म्हणते. नऊ-दहा वर्षांच्या पोरानं असला प्रश्न गिळून झोपायचं, त्यापेक्षा रात्री उठून बापाला विचारलेलं बरं.

आणि बाप? तुमच्या पत्रात माझं सगळ्यात जास्त लक्ष गेलं ते त्यांच्याकडं. ते शाळेत भांडायला आले असं तुम्हाला वाटलं. मला तसं वाटत नाही. रात्री लेकरू उठून विचारतंय, आपला बैल मेला का. म्हणजे दुसऱ्या शब्दांत, तुम्ही त्याला मारलंत का. माण-खटावात खिल्लार बैल विकणाऱ्या माणसाची ती काही मौज नसते. चारा नाही, पाणी टँकरचं, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर, कर्जाचा हप्ता तोंडाशी. ज्यानं बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला त्या बैलाच्या खांद्याला हळद-तेल चोळलं, दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवली, पहिली पुरणपोळी त्याच्या तोंडात दिली, त्यानंच बाजारात कासरा दुसऱ्याच्या हातात दिला. तो माणूस स्वतःला काय काय म्हणत असेल, ते त्याचं त्याला माहीत. आणि गोष्ट अर्धी राहिल्यामुळं त्याच्या पोरानं फक्त विकणारा पाहिला. माळ आणायला गेलेला म्हातारा पाहिलाच नाही.

म्हणून पहिलं काम शाळेत नाही, त्यांच्या घरी आहे. संध्याकाळच्या वेळी जा, धारा काढून झाल्यावर. पुस्तक नेऊ नका. समजावूनही सांगू नका, गोष्टींचे मुलांवर होणारे परिणाम वगैरे तर नकोच. सरळ म्हणा, तुमचा बैल विकलाय हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी गोष्ट अर्धी सोडून उठले, ती माझी चूक. एवढं म्हणून बैल कसा होता ते विचारा. खोंड कुठून आणला होता, औताला कधी धरला, डावा चालायचा की उजवा, मारका होता का. बाप बोलू लागला की मुलगा कुठं तरी दाराआडून ऐकत असेल, ऐकू द्या. चंद्या आता कुणाकडं आहे, ते बापाला ठाऊक असण्याची शक्यता आहे. यात्रेतला सौदा बहुधा गावाचं नाव सांगून होतो. ठाऊक असेल तर त्यांच्याच तोंडून मुलाला कळू दे. ठाऊक नसेल तर ‘जिवंत आहे रे, मजेत आहे’ असं तुम्ही पदरचं सांगू नका. मुलं हे ओळखतात आणि मग पुढचं काहीच मानत नाहीत.

वर्गात परत ती गोष्ट काढाल तेव्हा आधीच सांगा: यात बैल मरतो, आणि त्यानंतर म्हातारा त्याची माळ आणायला जातो, तिथवर आपल्याला जायचं आहे. शेवट आधी सांगितला तर गंमत जाते, असं हल्ली फार ऐकते. आपल्या कीर्तनांत, आख्यानांत, भारुडांत शेवट कुणाला ठाऊक नसतो? चिलयाबाळ येणार हे माझ्या आजीच्या ओसरीवरच्या प्रत्येक बाईला माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर त्या उखळापाशी बसू शकत होत्या. बाहेरच्या देशांत मोठी माणसं सिनेमाला जाण्याआधी त्यात कुत्रा मरतो का हे विचारून घेतात, आणि ते सांगणारं एक संकेतस्थळ २०१० पासून चालू आहे. त्यात कसला हळवेपणा? पुढं खड्डा आहे हे कळलं की माणूस पाय जपून टाकतो, चालणं सोडत नाही.

एखाद्या मुलाला बसायचं नसेल तर त्याला बाहेर फळ्याचं फडकं धुवायला पाठवा, नाही तर झाडांना पाणी घालायला. शिक्षा वाटणार नाही असं काही तरी. विशेषतः ज्याचा बैल विकला गेला त्या मुलाचं, बसायचं की नाही ते त्याच्यावरच सोपवा. मला वाटतं तो बसेल.

आणि वाचून झाल्यावर मुलांना काही तरी करू द्या. वाल्मीकींचा हात पक्ष्यापर्यंत पोहोचला नाही, पण निदान शाप तरी देता आला. तुमच्या तीस पोरांच्या तोंडात शब्द अडकून राहिले आहेत. कुणाला बैलाला ‘तिकडून जाऊ नको’ म्हणायचं असेल, कुणाला म्हाताऱ्यावर रागवायचं असेल, कुणाला नव्या मालकाला दावं पक्कं का बांधलं नाहीस असं विचारायचं असेल. बोलू द्या. त्यात बरोबर-चूक काढू नका आणि तात्पर्य तर अजिबात विचारू नका. दुपारी कुत्र्याला धोंडा मारणारा मुलगाही यात सगळ्यात जास्त रडलेला सापडेल. त्याला त्याची आठवण करून देऊ नका. ती त्याची त्याला येईल.

पुढं गोष्टी निवडताना एक खूण सांगते, मी स्वतः ती वापरते. जनावर मरायच्या आधी गोष्टीत जगतं का, ते बघा. त्याला काही सवय आहे का, खोड आहे का, गव्हाणीत तोंड घालण्याआधी ते मान उडवतं का, कुणाच्या हातचंच खातं का. आणि मेल्यावर गोष्टीतल्या कुणाला तरी ते चुकल्याचुकल्यासारखं होतं का. दोन्ही असेल तर ती गोष्ट प्रामाणिक आहे, रडवलं तरी वाचा. काही गोष्टींत मात्र पिल्लू पान पंधरावर येतं आणि पान सोळावर मरतं, तेही नायकाला राग यावा म्हणून, आणि पान सतरावर त्याचं नाव कुणाला आठवत नाही. तिथं वाचणाऱ्याला जो संताप येतो तो रास्त आहे. एका मुक्या जिवाला आत बोलावलं तेच मारण्यासाठी. मुलांना हा फरक सांगता येत नाही, पण जाणवतो. तुमच्या पुस्तकातला म्हातारा चार पानं चालत माळ आणायला जातो, हे तुम्ही लिहिलंत तेव्हाच माझा त्या लेखकावर भरवसा बसला.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. त्यांच्या दारात एक पालक रागावून आला होता, त्यांनी कुलूप घातलं. त्यांच्या जागी बरेच जण तेच करतील. त्या मुलाच्या घरी जाऊन या, मग त्यांना भेटा आणि सांगा की गोष्ट अर्धी राहिली आहे, ती पुरी करायची आहे. शक्य झालं तर मुलाच्या वडिलांनाच त्या दिवशी शाळेत यायला सांगा. सतरंजीवर मागं बसून ऐकलं तरी पुरे. आले नाहीत तरी बोलावलेलं त्यांच्या लक्षात राहील.

चार पानं म्हणजे वीस मिनिटं. पण त्या दिवशी गोष्टीचा तास मधल्या सुट्टीआधी ठेवू नका, बाई. सकाळी प्रार्थना झाल्या झाल्या घ्या.